एक गुण आणि आठवी जागा: ॲडलेड क्रोजच्या ऑगस्ट २०२३ चं प्रकरण

१३ ऑगस्ट २०२३ च्या रविवारी रात्री माझ्या भाच्याने वहीचं मधलं पान फाडलं आणि त्यावर आठ संघांची नावं लिहिली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या या लीगमध्ये संघ अठरा. पण वरच्या चौघांचं, म्हणजे कॉलिंगवूड, ब्रिस्बेन, पोर्ट ॲडलेड आणि मेलबर्नचं, पुढे जाणं पक्कं झालं होतं आणि तळाच्या सहांत आता जीव उरला नव्हता. मधले आठ तेवढे लोंबकळत होते. त्या आठांत सगळ्यात खाली आमचं नाव होतं: ॲडलेड क्रोज, ४० गुण.

आदल्याच दिवशी आम्ही ब्रिस्बेनमध्ये, गॅबाच्या मैदानावर, ६ गुणांनी हरलो होतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ६ गुण म्हणजे एक गोल. लीगमधल्या सगळ्यात भक्कम घरच्या मैदानांपैकी एकावर जाऊन आपला संघ एका गोलाने हरतो, तेव्हा घरात एक विचित्र शांतता पसरते. वाईट खेळले असते तर रागावून मोकळं होता आलं असतं. चांगलं खेळून हरलेल्या संघाचं काय करायचं, ते कळत नाही. मग माणूस हिशेबाला बसतो.

हा लेख त्याच हिशेबाचा आहे. आम्ही काय मांडलं, त्यातलं किती खरं ठरलं आणि शेवटी गाडी कुठे अडली, ते शक्य तितकं नीट नोंदवून ठेवायचं आहे. निसटत्या पराभवानंतर चाहते जे जर-तर मांडतात ते मनाच्या समाधानापुरतं असतं, असं सर्रास म्हटलं जातं. आमच्या बाबतीत ते जर-तर जवळजवळ अक्षरशः खरं झालं आणि तरीही आम्ही बाहेर राहिलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू थेट गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला, किंवा उंच खांबाला नुसता घासून गेला, तरी तो बिहाइंड, १ गुण. सामना जिंकला की गुणतालिकेत ४ गुण, बरोबरी झाली की २. साखळी फेरीनंतर त्या मोसमात पहिले आठ संघ फायनल्समध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यांत, जायचे. गुण सारखे झाले तर टक्केवारी बघायची: मोसमभर तुम्ही केलेले गुण भागिले तुमच्यावर झालेले गुण, गुणिले शंभर. क्रिकेटच्या नेट रन रेटचं जे काम, तेच हिचं, फक्त हिचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येतो.

भाच्याच्या कागदावर वरून खाली असं होतं: कार्लटन ५०, सेंट किल्डा ४८, सिडनी स्वान्स ४६, मग वेस्टर्न बुलडॉग्ज, जायंट्स आणि एसेन्डन तिघेही ४४ वर, जिलाँग ४२, आणि आम्ही. दोन फेऱ्या बाकी. आमचे सामने दोन: पुढच्या शनिवारी घरी स्वान्सशी, आणि शेवटच्या फेरीत पर्थला जाऊन वेस्ट कोस्ट ईगल्सशी, जे त्या वर्षी तळाला होते.

“मामा, आपले दोन्ही जिंकलो तर ४८,” तो म्हणाला. “आणि ४८ वर कोणाशीही बरोबरी झाली तरी आपण वर. टक्केवारी बघ ना आपली.”

टक्केवारी खरंच बघण्यासारखी होती. मोसम संपला तेव्हा ती ११६ च्या वर होती, म्हणजे स्वान्स, सेंट किल्डा, जायंट्स आणि बुलडॉग्ज या सगळ्यांपेक्षा सरस. जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलेल्या संघाची टक्केवारी शंभराच्या एवढी वर कशी? इथेच खरी गोम आहे. आम्ही जिंकायचो तेव्हा मोठ्या फरकाने जिंकायचो आणि हरायचो तेव्हा केसाने हरायचो. एप्रिलमध्ये कॉलिंगवूडकडून १ गुणाने, जूनमध्ये त्यांच्याकडूनच मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर २ गुणांनी, जुलैमध्ये मेलबर्नकडून ४ गुणांनी आणि आता ब्रिस्बेनकडून ६ गुणांनी. चार पराभव, सगळे मिळून १३ गुण. तिन्ही प्रतिस्पर्धी पहिल्या चारांतले. याच काळात पोर्ट ॲडलेडला आम्ही ४७ गुणांनी लोळवलं होतं.

यावर आमच्या गोतावळ्यात दोन तट पडले आणि आठवडाभर वाद पेटला.

एका तटाचं म्हणणं होतं की हा संघ गुणतालिकेत दिसतो त्यापेक्षा चांगला आहे. एक-दोन गुणांचा निकाल म्हणजे शेवटच्या मिनिटाला चेंडू कुठे उसळला, एवढाच. मोसमभराची टक्केवारी ही दोन हजारांच्या आसपास गुणांची साक्ष आहे, ती एका उसळीपेक्षा विश्वासाची. दुसऱ्या तटाला हे पटत नव्हतं. चार वेळा तेच घडतं तेव्हा तो योगायोग कसला, असा त्यांचा सवाल. शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवणं हीसुद्धा कसबाची गोष्ट आहे आणि ती या तरुण संघाकडे नाही, असं त्यांचं ठाम मत.

मी पहिल्या तटात होतो आणि आजही आहे. पण दुसऱ्यांची बाजू उडवून लावण्यासारखी नव्हती. त्या वर्षी कॉलिंगवूडने थोडक्यातले सामने काढण्याचा जणू रियाझच केला होता आणि सप्टेंबरच्या शेवटी अंतिम सामनाही त्यांनी ब्रिस्बेनविरुद्ध ९०–८६ असा, ४ गुणांनीच, जिंकला. मात्र आपल्या संघाला चुरस झेपतच नाही, हेही खरं नव्हतं. आदल्या वर्षी पोर्टविरुद्ध जॉर्डन डॉसनने भोंगा वाजल्यानंतरच्या किकवर सामना खेचून आणला होता. याच मोसमात एप्रिलमध्ये हॉथॉर्नला आम्ही थोडक्यातच हरवलं होतं. आपल्याला हरलेले सामने जास्त लक्षात राहतात, आणि त्यातून संघाचा स्वभाव ठरवायची घाई होते.

वाद बाजूला ठेवून भाच्याने कागदाच्या खालच्या अर्ध्यात अटी लिहिल्या. आपण दोन्ही जिंकायचे. स्वान्सनी आपल्याकडून हरल्यावर शेवटच्या फेरीत मेलबर्नकडूनही हरायचं. बुलडॉग्जनी दोनपैकी किमान एक गमवायचा आणि जिलाँगनेही एक. जायंट्स आणि एसेन्डन एकमेकांशीच भिडणार होते, म्हणजे त्या दोघांतला फार तर एक जण पुढे निसटेल. चार अटी. “बुलडॉग्ज शेवटच्या फेरीत जिलाँगमध्ये हरतील,” त्याने कंसात लिहिलं, कारण तळाच्या वेस्ट कोस्टकडून ते घरच्या शहरात हरतील हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

१९ ऑगस्टचा शनिवार उजाडला. दुपारी जायंट्सनी एसेन्डनचा १२६ गुणांनी फडशा पाडला. एसेन्डनचा प्रश्न मिटला, पण जायंट्स ४८ वर गेले. संध्याकाळी ॲडलेड ओव्हलवर आमचा सामना सुरू झाला तेव्हा चित्र स्वच्छ होतं: हरलो तर जास्तीत जास्त ४४, आणि ४८ किंवा वर असलेले संघ बरोबर आठ होणार. म्हणजे हरलो की संपलं.

स्वान्सनी सुरुवातीलाच मोठी आघाडी घेतली. क्रोजनी ती हळूहळू, दात-ओठ खात, कापत आणली. या लढतीत जुनी नाती गुंतलेली होती, हेही सांगायला हवं. आमचा कर्णधार डॉसन दोन वर्षांपूर्वी सिडनीहूनच इकडे आलेला, आणि प्रशिक्षक मॅथ्यू निक्स खेळाडू म्हणून स्वान्सकडूनच १७५ सामने खेळलेले. शेवटच्या दोनेक मिनिटांत आम्ही २ गुणांनी मागे होतो.

मग आमच्या बेन कीजच्या पायातून चेंडू सुटला. कोपऱ्याजवळून मारलेला, अवघड कोनातला. तो वळत वळत आला आणि उंच खांबाच्या आतल्या अंगाने, खांबाला न शिवता, पार झाला. कीज प्रेक्षकांकडे धावत सुटला. आमच्या घरात भाचा सोफ्यावर उभा राहिला होता. आणि खांबाशी उभ्या असलेल्या गोल-पंचाने दोनऐवजी एकच बोट दाखवलं. चेंडू खांबाला लागला, असा त्याचा निर्णय होता. बिहाइंड. १ गुण.

फरक १ वर आला आणि तिथेच राहिला.

त्या क्षणी नेमकं काय काय बदललं, ते सावकाश बघण्यासारखं आहे, कारण नुसतं ‘पाच गुण गेले’ म्हणून भागत नाही. गोल दिला गेला असता तर आम्ही ४ गुणांनी पुढे असतो आणि खेळ मैदानाच्या मध्यातून, चेंडू उसळवून, पुन्हा सुरू झाला असता. स्वान्सना जिंकायला साधारण मिनिटभरात गोलच करावा लागला असता, बिहाइंडने काही साधलं नसतं. उलट बिहाइंड दिला की बचाव करणारा संघ आपल्या गोलाजवळून चेंडू खेळात आणतो. म्हणजे १ गुणाची आघाडीही त्यांच्याकडे आणि चेंडूही त्यांच्याच हातात. एका बोटाने गुणफलक, चेंडूचा ताबा आणि घड्याळ तिन्ही त्यांच्या बाजूला गेले.

व्हिडिओ तपासणी का झाली नाही? गोल-पंचाला शंका असेल तर तो तपासणी मागतो, अशी पद्धत होती. त्याला शंकाच नव्हती. त्याची खात्री चुकीची होती, पण खात्री होती. तपासणी केंद्राला आपणहून मध्ये पडायचं तर चेंडू पुन्हा खेळात येण्याआधी पडावं लागायचं, आणि बिहाइंडनंतर चेंडू किती झटक्यात खेळात येतो ते या खेळाचा कुठलाही प्रेक्षक सांगेल. टीव्हीवर रिप्ले दिसला तेव्हा खेळ पुढे सरकला होता. खांब आणि चेंडू यांच्यामधली फट पडद्यावर साफ दिसत होती. भाचा खाली उतरला, टीव्हीच्या अगदी जवळ गेला आणि त्याने त्या फटीवर बोट ठेवलं.

त्या रात्री कागदावरच्या अटी कुणी पाहिल्या नाहीत. गप्पा एकाच गोष्टीच्या: निकाल फिरेल का? आणि ही आशा हवेतली नव्हती, तिला आधार होता. ३० एप्रिल २००६ रोजी टास्मानियातल्या लाँसेस्टनमध्ये फ्रीमँटल विरुद्ध सेंट किल्डा सामन्यात फ्रीमँटल १ गुणाने पुढे असताना शेवटचा भोंगा वाजला, पण पंचांना तो ऐकूच आला नाही. खेळ चालू राहिला, सेंट किल्डाने बिहाइंड मिळवला आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांत लीगच्या आयोगाने तो निकाल बदलून फ्रीमँटलला विजय दिला. एकदा झालं ते पुन्हा का नाही होणार, असा आमचा साधा प्रश्न होता.

मी रात्री बराच वेळ यावर विचार केला आणि मनाविरुद्ध या निष्कर्षाला आलो की दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत. लाँसेस्टनमध्ये भोंगा वाजला त्या क्षणी सामना संपला होता. त्यानंतर जे घडलं ते सामन्याचा भागच नव्हतं, ते पुसलं की खरा निकाल हाती लागतो. आमच्याकडे चूक झाली तेव्हा सामना चालू होता. ती दुरुस्त केली तर उरलेल्या मिनिटाचं काय करायचं? ते मिनिट एका वेगळ्याच सामन्याचं झालं असतं, आणि तो सामना कुणी खेळलाच नाही. ४ गुणांनी पुढे असणं म्हणजे जिंकणं नव्हे. आम्ही बहुतेक जिंकलो असतो असं मला वाटतं, पण ‘बहुतेक’ या शब्दावर चार गुण देता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लीगचे मुख्य कार्यकारी अधिकारी गिलन मक्लॉकलन यांनी चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि निकाल कायम राहील हेही सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण चूक कबूल आणि निकाल कायम, ही दोन वाक्यं पाठोपाठ ऐकणं किती जड जातं, ते त्या रविवारी कळलं.

आणि त्याच रविवारी, कुणी अपेक्षाही केली नव्हती असं घडलं. बुलडॉग्ज वेस्ट कोस्टकडून ७ गुणांनी हरले. अख्ख्या मोसमात वेस्ट कोस्टने तीन सामने जिंकले, त्यातला हा एक. भाच्याची तिसरी अट पूर्ण झाली, वेगळ्याच दाराने. चौथी आदल्या रात्रीच झाली होती, कारण जिलाँग सेंट किल्डाकडून हरलं होतं. पुढच्या आठवड्यात स्वान्स मेलबर्नकडून हरले, दुसरी अटही पूर्ण. आम्ही पर्थमध्ये वेस्ट कोस्टला हरवलं. जायंट्स जिंकून ५२ वर गेले, बुलडॉग्ज जिंकून ४८ वर अडकले, एसेन्डन आणि जिलाँग पुन्हा हरले.

आता कागदावर फक्त एक आकडा बदलून बघा. ॲडलेडला स्वान्सविरुद्धचे ४ गुण द्या. ॲडलेड ४८, बुलडॉग्ज ४८, टक्केवारीवर ॲडलेड वर. स्वान्सचे ५० चे ४६ होतात आणि ते दहावे. ॲडलेड आठवं. प्रत्यक्षात स्वान्स आठवे आले आणि आम्ही १२ पराभव, ११ विजय घेऊन दहावे.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि ‘फायनल्स चोरल्या’ म्हणतात. मला तसं म्हणवत नाही, कारण या हिशेबात एक सांधा ढिला आहे. आम्हाला हरवल्यावर स्वान्स ५० वर गेले आणि बुलडॉग्ज ४४ वर राहिल्यामुळे त्यांचं फायनल्समधलं स्थान शेवटच्या फेरीआधीच पक्कं झालं. मेलबर्नशी ते खेळले तेव्हा डोक्यावर टांगती तलवार नव्हती. आम्ही त्यांना हरवलं असतं तर ते ४६ वर असते आणि मेलबर्नशी त्यांचा सामना जीवन-मरणाचा झाला असता, तोही घरच्या मैदानावर. तेव्हाही ते हरलेच असते का? सांगता येत नाही. एक निकाल बदलला की पुढचे सगळे संघ वेगळ्या मनाने मैदानात उतरतात. कागदावर मात्र ते तेच निकाल घेऊन बसलेले असतात.

म्हणून मी एवढंच म्हणेन की आमच्याकडून फायनल्सची संधी गेली. फायनल्स गेल्या असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. संधी जाणं हेही काही थोडकं नाही. २०१७ चा अंतिम सामना रिचमंडकडून हरल्यापासून क्रोज फायनल्समध्ये दिसले नव्हते, आणि ते पुन्हा दिसायला २०२५ उजाडलं.

चाहत्यांच्या हिशेबाबद्दल माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं ते असं. टक्केवारीवर भरवसा ठेवणारे बरोबर होते. हा संघ दहाव्या क्रमांकाचा नव्हता. पण आमचाही एक दोष होता: आम्ही सगळं ओझं त्या एका खांबापाशी नेऊन ठेवलं. एप्रिलमधला कॉलिंगवूडविरुद्धचा १ गुण गुणतालिकेत ऑगस्टमधल्या १ गुणाइतकाच वजनदार होता. त्या दिवशी कुणी वहीचं पान फाडलं नव्हतं, कारण मोसम लांबलचक वाटत होता. जूनमधल्या २ गुणांचंही तसंच. त्या चार पराभवांपैकी एकही फिरला असता तर शेवटी आमचे ४८ झाले असते, बुलडॉग्जच्या वर, फक्त दोन गुणांनी स्वान्सच्या खाली. म्हणजे तेव्हाही नववेच! दोन फिरले असते तर मात्र कीजचा तो चेंडू खांबाला लागो न लागो, आम्ही ५२ वर असतो आणि आत असतो.

हे गणित मी नंतर भाच्याला दाखवलं. त्याने ते तपासलं, बरोबर आहे म्हणाला, आणि मग विचारलं, “पण मामा, ते चार सामने आपण खरंच हरलो होतो ना?”

त्याचं बरोबर होतं. ते सामने मैदानावर हरलेले होते आणि हा तसा नव्हता. आकडे सारखे भरले तरी दुःख सारखं भरत नाही, आणि त्याने ते सारखं मानावं असं मी त्याला सांगितलं नाही. त्या गोल-पंचावर मात्र घरात कुणी काही बोलायचं नाही, एवढं मी बजावलं. क्षणार्धात, एकट्याने, वळत्या चेंडूकडे बघून निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हाती लीगने आधीच एक थांबवायचं बटण द्यायला हवं होतं. शंका असेल तरच तपासा, या नियमात खात्रीने चुकणाऱ्या माणसासाठी जागाच ठेवलेली नव्हती. दोष असलाच तर तिथे आहे.

पर्थच्या सामन्याला तसा काही अर्थ उरला नव्हता. आम्ही तो पाहिला. आमच्या टेलर वॉकरने त्यात ९ गोल मारले. मोसमातले त्याचे गोल ७६ झाले. तळाच्या संघाविरुद्ध, काहीही पणाला नसताना, तो प्रत्येक चेंडूवर तसाच झेपावत होता. चौथ्या की पाचव्या गोलानंतर भाच्याने तो जुना कागद आणला, वेस्ट कोस्टच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि टक्केवारी नव्याने मोजायला घेतली.